शाळेच्या ओट्यावरचं शून्य

आमच्या ऑफिसला लोखंडी जिना होता. खाली पंक्चरचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि मधे हा जिना, इतका उभा की पोस्टमन खालूनच हाका मारायचा. सगळं जग जिना उतरतं तसा आम्ही तो उतरायचो. काका मात्र जिन्याकडं तोंड करून, दोन्ही हातांनी कठडा धरून, पायरी पायाने चाचपत मागं मागं उतरायचे. खाली टायर बदलायला थांबलेल्या ट्रकवाल्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला चक्कर येत असावी. एकाने आधाराला हात पुढं केला तर काका म्हणाले, "हात नको. माझ्या खालून बाजूला व्हा."

काका तसे आमच्यात कुणाचेच काका नव्हते. वीज खात्यात लाईनमन होते, उभा जन्म खांबावर गेला, आणि निवृत्त झाल्यावरही शरीराला खांब सोडवला नाही. "चढताना कुणी पडत न्हाई, मॅडम," ते मला सांगायचे. "चढताना माणूस वर बगतो. उतरताना ध्यान घराकडं आसतं. बायकोनं काय केलं आसंल जेवायला, ह्येच. म्हणून उतरताना पडतो."

मी त्यांच्या लेकीहून लहान, पण पहिल्या दिवसापासून मॅडमच. नावानं हाक मारा म्हणून मी खूप मागं लागले. "नाव घरी. कामावर मॅडम," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

काम होतं ड्रोननं जमीन मोजायचं. चौसाळ्यापासून आत डोंगरात शिरलं की प्रत्येक गावाला काहीतरी हवं असतं. तलाव कुठं बसेल, चर कुठं खणावेत, ओढा नक्की कुठं वळतो. आम्ही वरून फोटो काढून त्याचे नकाशे करून द्यायचो. आम्ही म्हणजे साहेब, मी आणि एक पायलट. काका यायच्या सुमाराला हा पायलट पुण्याला निघून गेला. त्याच्या जाण्याची आणि काकांच्या येण्याची हकिकत एकच आहे.

त्यानं एका मळ्यावर ड्रोन सोडला आणि तो बाभळीत अडकला. अगदी शेंड्याला, काट्यांच्या गुंत्यात. दोन तास आम्ही शिकल्यासवरलेली माणसं खालून ढेकळं मारत होतो. शेवटी मळ्याच्या मालकानं गावातल्या एका रिटायर लाईनमनला निरोप धाडला. काका आले ते खांद्यावर लांब बांबू घेऊन, बांबूच्या टोकाला तारेचा आकडा. आमच्याकडं आकडा म्हणजे काय हे सांगायला नको. तारेवर टाकून फुकट वीज ओढायचा तो आकडा, आणि असले आकडे काढण्यातच काकांची निम्मी नोकरी गेलेली. "जप्तीतला हाय," ते बांबूकडं बघून म्हणाले. त्या आकड्यानं त्यांनी ड्रोन अलगद खाली घेतला, मोडलेले दोन पंख बघितले आणि पायलटला विचारलं, "ह्याला हिकडनं जायला कुणी सांगितलं?"

"नकाशात झाड नव्हतं," पायलट म्हणाला.

"मग झाडाला सांगा की नकाशात जायला."

साहेबांनी त्यांना तिथंच कामावर घेतलं, आणि पायलटनं महिनाअखेरीला राजीनामा दिला. मग साहेबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, ड्रोन एकच आहे, नवे पंख बसवलेत, परवाना तुझ्याकडं आहे, आता तू उडव. अजून एकदा पडला तर मी शटर ओढणार आणि झेरॉक्सचं दुकान टाकणार. साहेब बोलतात तसं करतात. शटर ओढलं असतं तर मला परत मामांच्या क्लासमध्ये आठवीच्या पोरांना गणित शिकवायला जावं लागलं असतं. मामा चांगले आहेत, गणितही चांगलं आहे. आठवीच्या पोरांबद्दल मी काही बोलत नाही. एवढंच सांगते की त्या वर्षभरात मी ड्रोनला जितकं जपलं तितकं स्वतःला जपलं नाही.

माझ्याकडं परवाना होता आणि अनुभव नव्हता. काकांचं उलटं. पासष्टीच्या पुढं ड्रोनचा परवाना मिळत नाही, आणि काका पासष्ट ओलांडून बसले होते. याचं त्यांना दुःख नव्हतं. रिमोटला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मी उडवत न्हाई. मी चढवतो आन उतरवतो. मधलं मॅडमचं."

हे खरंच होतं. ठरवून दिलेल्या वाटेवर ड्रोन आपला आपण जातो. नकाशावर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपक्याला उंची द्यायची, बटण दाबायचं. मला ही फार हुशारीची गोष्ट वाटायची. काकांना मात्र त्यात जावई दिसायचा. "जावईबापूच हाय ह्यो. गादीच्या पेटीत बसून येतो, पोट भरल्याबिगर हालत न्हाई, आन सांगितल्यालं सोडून एक पाऊल टाकत न्हाई. मधी भिंत आली तर भिंतीत घुसंल, पर इचारणार न्हाई." तेव्हापासून आमच्या ऑफिसात ड्रोनला कुणी ड्रोन म्हणालं नाही. साहेबसुद्धा फोनवर सांगायचे, जावयाची बॅटरी लावून ठेव.

या जावयाची एक खोड अशी की एक ठिपका वीस मीटरवर दिला आणि पुढचा साठवर, तर तो मधलं अंतर तिरका चढत जातो. दोन्ही ठिपके मोकळ्या हवेत असतात, तिरकी रेघ मात्र मधल्या झाडाच्या पोटातून जाते. बाभळीचं तेच झालं होतं. काका एकाच जागेला दोन ठिपके द्यायचे, एक खाली, एक वर. आधी जागच्या जागी सरळ वर, मगच पुढं. उतरताना उलट, आधी पार पुढं, मग जागच्या जागी खाली. "जिना करायचा, घसरगुंडी न्हाई," हे त्यांचं सूत्र. साहेब कुरकुरायचे की अशानं बॅटरी जाते. काका म्हणायचे, बॅटरी भरून मिळते.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी ते सगळी वाट पायी चालायचे. काठी उभी करून तिची सावली मोजायची, मग झाडाची सावली मोजायची आणि त्रैराशिक मांडायचं. हे सगळं एका लाल वहीत उतरायचं. त्या वहीला ते कुंडल्या म्हणत. एकेका झाडाची, खांबाची, मनोऱ्याची कुंडली. काही नोंदी मला पाठ आहेत. ‘ओढ्याकाठची चिंच, अठरा मीटर. वर कावळ्याचं घरटं, त्याचं अर्धा मीटर निराळं.’ ‘मोबाईलचा मनोरा. मालक चाळीस सांगतो. खोटं बोलतो.’ ‘सुबाभूळ, नऊ मीटर. जूननंतर विश्वास ठेवू नये.’ प्रत्येक उंचीच्या वर आणखी दहा मीटर देवासाठी. हे दहा मीटर कमी करायचा मी एकदा प्रयत्न केला तर म्हणाले, "देवाच्या वाट्याचं कापता व्हय मॅडम?"

पण वहीच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ एकच असायची: शून्य कुठंय?

ड्रोनला आपल्याखालच्या जमिनीची उंची कळत नाही, निदान आमच्या त्या ड्रोनला कळत नव्हती. तो जिथून उडाला ती जागा त्याचं शून्य, आणि सगळी उंची तिथून मोजायची. खालून उडवून डोंगराकडं धाडला तर तो साठ म्हणतो ते खालच्या गावापासूनचे साठ. मधल्या डोंगराशी त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणून काका आधी शून्य ठरवायचे आणि मग बाकीचं. हळूहळू त्यांना सगळ्याच गोष्टींचं शून्य विचारायची सवय लागली. गेवराईकडं उमापूरच्या बाजूला एका बड्या शेतकऱ्याकडं आम्ही जेवायला होतो. त्यांनी सांगितलं, पोरगं लई वर गेलं आमचं. काकांनी घास खाली ठेवून विचारलं, "शून्य कुठून धरलं?"

यजमानांना समजेना.

"न्हाई, तुमी चाळीस एकराच्या ढिगावरनं मोजताय," काका म्हणाले. "ढिगाखालच्या माणसाचं पोरगं तलाठी झालं तर ते जास्ती चढलं आसंल."

आम्हाला जेवण मिळालं, पण पापड दुसऱ्यांदा कुणी वाढला नाही. आणि एकदा मीच रडकुंडीला येऊन म्हणाले होते की काका, माझ्या बरोबरीच्या पोरी बंगळूरला गेल्या आणि मी बसलेय पंक्चरच्या दुकानावर. ते कुंडली लिहीत होते, मानही वर केली नाही. म्हणाले, "वर बसलाय म्हणा की. तुमचे वडील कुठं बसत व्हते?" माझे वडील मोंढ्यात पोती उचलायचे. मी बॅटऱ्या लावायला गेले.

आणखी एक त्यांचं विचित्र होतं, चहाचं. ड्रोन हवेत असेपर्यंत काका चहाला शिवायचे नाहीत. गावोगावी यावरून रुसवे झाले. आमच्याकडं चहा नाकारणं म्हणजे घर नाकारणं. काका कप घ्यायचे, बशीवर ठेवायचे आणि आभाळाकडं बघत बसायचे. ड्रोन टेकला की मगच बशीत ओतून भुर्रकन प्यायचे. कारण विचारलं तर एकदाच सांगितलं. "जोडीदार खांबावर व्हता आन मी टपरीवर गेलतो. चहा प्यायला. तेवढ्यात उतरताना पडला. खाली कुणीच न्हाई. पाऊण तास तसाच." मी विचारलं, मग? "मग काय. हाय की अजून. लंगडतो. मलाच चहा पाजतो दर दिवाळीला."

आता ती डोंगराची गोष्ट. गाव पायथ्याला आणि त्याची एक वस्ती वर पठारावर, मधे गाडी न जाणारी, लांब वळसे घेत चढणारी पाऊलवाट. वरच्या वस्तीसाठी पाण्याची जागा शोधायची होती. काका आदल्या दिवशीच वर गेले, वाट चालले, मुक्कामाला वस्तीवर थांबले आणि कागद खाली धाडला. पहिल्याच ओळीत लिहिलेलं: ‘शून्य, शाळेचा ओटा.’ शाळा पठारावर. तिथून उडवायचं, साठ मीटरवर. मी कागद वाचला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं तुम्ही मला सवलत द्याल.

सकाळी साहेब आणि मी ड्रोनची पेटी घेऊन पायथ्याला उतरलो तर देवळासमोर निम्मं गाव उभं. सरपंचांच्या हातात नारळ. "पोरी, शुभ काम हाय. देवाच्या दारातनं उडव. वर शाळंत काय हाय, पडकी भिंत." मी म्हणाले, काका वर थांबलेत, तिथूनच उडवायचं ठरलंय. तर साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "पेटी घेऊन तास जाईल चढायला. देवाचं मन मोडू नको, गावाचं तर त्याहून नको." मला नाही म्हणता आलं नाही. नारळ फुटला. ड्रोनला कुंकू लावायला एक आजी आल्या तेव्हा मी कॅमेऱ्यावर हात तेवढा धरला. आणि मी बटण दाबलं. पहिली ओळ माझ्या डोक्यातून नारळाच्या पाण्याबरोबर वाहून गेली होती.

जावई सरळ वर गेला, साठ मीटरवर थांबला आणि डोंगराकडं निघाला. कॅमेरा अजून समोर बघत होता. पडद्यावर डोंगर मोठा व्हायला लागला. मला वाटलं, आता डोंगर पडद्यावर खाली सरकेल. तो सरकत नव्हता. मग कड्यावर एक पांढरा ठिपका दिसला, काकांची टोपी. ड्रोनच्या वाटेच्या पहिल्या वळणावर उभं राहायची त्यांची रीतच होती. त्या वर्षात मी काकांना पडद्यावर कायम वरून बघितलं होतं, टोपीचा गोल आणि चपलांची दोन टोकं. त्या दिवशी टोपीखाली कपाळ दिसलं. मग मिशा. देवळापासून डोंगरही साठच मीटर होता, आणि काका माझ्या डोळ्याला डोळा भिडवून उभे होते. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. खांबावरच्या माणसाला थांब सांगायची ती खूण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती.

मी थांबवलं. काकांच्या पुढ्यात, दहाएक पावलांवर ड्रोन हवेत थांबला. माझं बोट मागं फिरवायच्या बटणाकडं गेलं, आणि मागं फिरताना तो कुठल्या वाटेनं फिरेल ते मला आठवेना. पडद्यावर काकांनी फुली सोडली होती आणि एक हात सावकाश वर, वर, वर नेत होते. आधी वर. मी वर घेतला. काका पडद्यातून खाली निघून गेले. मग मागं. मग देवळावर आणून जागच्या जागी खाली. जिना. टेकल्याबरोबर मी त्याची बॅटरी काढून घेतली.

"झालं? लई झटपट," सरपंच म्हणाले. साहेबांच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता, तो ते चावायचे थांबले होते. वर फोन लागत नव्हता. मी पाऊलवाट धरली.

पाऊण तासानं कड्यावर पोचले तर काका दगडावर बसलेले, हातात भरलेला कप. वस्तीवरच्या एक बाई शेजारी उभ्या होत्या, त्रासलेल्या. "कवापासून सांगतेय, प्या, प्या. नुसता धरून बसल्यात. नवस हाय का काय?"

कड्यावरून देऊळ दिसत नव्हतं. ड्रोन मागं गेलेला त्यांनी बघितला होता, उतरलेला नाही.

"उतरला?" काकांनी विचारलं.

"उतरला."

"आख्खा?"

"आख्खा."

त्यांनी साय धरलेला गार चहा बशीत ओतला आणि एका दमात प्यायला. मग म्हणाले, "शून्य कुठं धरलं?"

"देवळापाशी," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. झेरॉक्सचं दुकान, आठवीची पोरं, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं, आणि सगळ्यात पुढं काकांची मिशी. ड्रोनचे फिरते पंख त्यांना लागले असते तर मी काय केलं असतं, हा विचार मला आजही नीट करता येत नाही.

"रडू नका. गलती माझी हाय," ते म्हणाले. "म्या शून्य कागदावर लिहिलं. कागदाला कोण भीतंय."

त्यानंतर सरपंचांना वर बोलावणं गेलं. ते आले ते पेटी स्वतः खांद्यावर घेऊन. साहेबांनी त्यांना डोंगर दाखवून सगळं समजावलं होतं. काका त्यांना एवढंच म्हणाले, "देव समदीकडं हाय, सरपंच. शून्य एकाच जागी आसतं." दुपारी शाळेच्या ओट्यावरून उड्डाण झालं आणि पाण्याची जागा सापडली.

पुढच्या कामापासून काकांनी नवा नेम धरला. आदल्या दिवशी वाट चालून झाली की ठरलेल्या शून्यावर स्वतः नारळ फोडायचा, चार माणसं बोलावून, मोठ्यानं. दगडाला कुंकू लावायचं. दुसऱ्या दिवशी सरपंच येवोत की आमदार, ते शून्य हलवायची कुणाची छाती होत नसे. नारळ फुटलाय म्हटल्यावर गावच आम्हाला सांगायचं, इथूनच उडवा, दुसरीकडून नको. ज्या नारळानं आम्हाला बुडवत आणलं होतं, त्यालाच काकांनी पहाऱ्यावर बसवलं. शटर काही ओढलं गेलं नाही.

गुडघ्यांनी साथ सोडली तसे काका पुण्याला लेकीकडं गेले. अकराव्या मजल्यावर. लेक सांगते, लिफ्टमध्येही भिंतीकडं तोंड करून उभे राहतात. आमच्याकडं आता दोन ड्रोन आहेत, त्यातला एक खालची जमीन बघून उंची सांभाळतो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "तारा दिसत्यात का इचारा." दिसत नाहीत. म्हणून मी अजून चालते, काठीची सावली मोजते, नारळ फोडते. उड्डाणाच्या सकाळी काकांना फोन करून शून्य सांगते. ते प्रत्येक वेळी म्हणतात, "उतरला की सांगा." मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे. कधी सांगायचे, कधी राहून जायचं.

गेल्या महिन्यात असंच सकाळी सांगून उडवला. अकरा वाजता उतरला. मग ज्यांचं रान होतं त्यांनी जेवायला थांबवलं, गप्पा झाल्या, मी विसरले. चार वाजता फोन वाजला. काकांची लेक.

"ताई, तुमचं काम झालं का हो? नाही, काही नाही. बाबांनी दुपारचा चहा घेतला नाही. मागंही एकदोनदा असंच केलं. विचारलं तर म्हणतात, मॅडमचा जावई वर आहे."

मी म्हणाले, त्यांना द्या.

"उतरला?" काकांचा आवाज आला.

"उतरला काका. अकरालाच. मी विसरले हो."

"आख्खा?"

"आख्खा."

"बरं. थांबा, ठेवू नका," ते म्हणाले. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, मग कपबशीचा. मी रानात उभी राहून, कानाला फोन लावून, त्यांची पूर्ण बशी पिऊन होईपर्यंत ऐकत राहिले.